ढोल कुणाचा, ठेका कुणाचा?

वाद्याला जात नसते, कलेला रंग नसतो, असं शहाणे लोक आपल्याला सांगतात. साफ खोटं आहे, दोस्तहो. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात १७४० साली कायदा झाला : काळ्या गुलामानं ढोल वाजवायचा नाही, जवळसुद्धा ठेवायचा नाही. का? तर आदल्याच वर्षी, ९ सप्टेंबर १७३९ ला, स्टोनो नदीकाठी गुलाम उठले होते. निशाण धरून, ढोल बडवत रस्त्यानं निघाले आणि वाटेत आणखी माणसं येऊन मिळाली. बंड चिरडलं गेलं. पण मालक हादरले. ढोल म्हणजे हाक, हे त्यांना आपल्या पंडितांपेक्षा लवकर कळलं.

पुढं सव्वाशे वर्षांनी तिकडं यादवी युद्ध पेटलं. १८६३ मध्ये ५४ वी मॅसॅच्युसेट्स पलटण उभी राहिली. शिपाई काळे, अधिकारी गोरे. ढोलवालेही काळे. त्या काळच्या फौजेत उठायचं, जेवायचं, कूच करायचं, हत्यार घ्यायचं, सगळे हुकूम ढोलावर. १८ जुलै १८६३ ला ही पलटण फोर्ट वॅग्नरवर चालून गेली. सहाशेपैकी अडीचशेच्या वर माणसं मेली, जखमी झाली, नाहीतर हरवली. तो किल्ला साउथ कॅरोलिनातलाच. जिथं काळ्यानं ढोल बाळगणं गुन्हा होता, तिथंच काळी पलटण आपले ढोल घेऊन उतरली.

पण इथं टाळ्या वाजवून थांबू नका. हा ढोल सरकारनं दिला तो स्वतःच्या गरजेला. ठेका अधिकाऱ्याचा. आणि पगार? गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १०, त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७. गोळी मात्र दोघांना सारखीच. या पलटणीनं पगारच नाकारला. राज्य सरकार म्हणालं, फरक आम्ही भरतो. तोही नाकारला. घरी बायकापोरांचे हाल, तरी वर्षभराच्या वर पैला हात लावला नाही. शेवटी जून १८६४ मध्ये अमेरिकेच्या संसदेला समान पगाराचा कायदा करावा लागला. माझ्या मते, त्या पलटणीचा ढोल खरा तिचा झाला तो या नकारानं.

आता आपलं बघा. हलगी आपल्या बापाच्या गळ्यात गावानं अडकवली. लग्न त्यांचं, जत्रा त्यांची, वाजवणारा आपला आणि उभा बाहेर. कित्येकांनी ती फेकून दिली, बरोबर केलं. आज काही पोरं तीच हलगी मोर्चात वाजवतात, तेही बरोबर. पण निवडणुकीत पुढाऱ्याच्या गाडीपुढं रोजावर वाजवायची आणि वर त्याला आपला आवाज म्हणायचं, हे चालणार नाही. वाद्य हातात आलं म्हणून मुक्ती येत नाही. ठेका कोण ठरवतो, मजुरी कोण ठरवतो, हे आधी विचारा. मग टिपरू उचला.