पिशवी काढण्याआधी

"भाऊ, सोनोग्राफी नॉर्मल आली. डॉक्टर म्हणतात काही नाही, सासू म्हणते कामाचा कंटाळा. मग दुखतं ते काय खोटं?" चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका भगिनीने परवा आमच्यापुढे कागद ठेवले. तीन बाळंतपणे झालेली. वर्ष झाले, ओटीपोटात जड ओढ लागते. सकाळी बरे असते, संध्याकाळपर्यंत उभे राहवत नाही, आडवे पडले की उतरते. पाळीच्या आधी वाढते. एका दवाखान्यात तर "पिशवी काढून टाका" असाही सल्ला मिळाला.

आम्ही कारकुनी करणारे, डॉक्टर नव्हे. पण अशा दुखण्यामागे पेल्विक कंजेशन सिंड्रोम असू शकतो, हे माहीत असलेले बरे.

पायावर फुगलेल्या निळ्या शिरा आपण पाहतो. तशाच शिरा ओटीपोटात, गर्भाशय व बीजकोषाभोवती फुगतात. शिरांत झडपा असतात. त्या रक्त वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. गरोदरपणी तिथला रक्तप्रवाह फार वाढतो, शिरा रुंदावतात, झडपा नीट मिटत नाहीत. टाकीत चढवलेले पाणी गळक्या व्हॉल्व्हमधून परत उतरावे, तसे रक्त खाली येऊन साचते. म्हणून अनेक बाळंतपणे झालेल्यांत हे अधिक आढळते. काहींना मांडीवर वा मायांगाजवळही शिरा दिसतात. पतिपत्नी संबंधानंतर दुखत राहते, हे तर कोणी बोलतच नाही. नवरा रुसतो, बाई गप्प बसते. पुरुष वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

सोनोग्राफी झोपवून करतात, तेव्हा या शिरा रित्या होतात व सुटून जातात. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, "उभे राहिल्यावर वाढते, पडल्यावर थांबते," आणि कलर डॉपलरची गरज आहे का, ते विचारावे. अर्थात शिरा फुगल्या म्हणजे दुखणे त्यांचेच असे नव्हे. गाठी, जंतुसंसर्ग, मूत्रमार्गाचे विकार आधी तपासावे लागतात. ताप असेल, पाळी चुकली असेल किंवा एकाएकी असह्य दुखले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

उपचार आहेत. काहींना हार्मोनच्या गोळ्यांनी उतार पडतो. १९९३ पासून दुसराही मार्ग आहे: मानेच्या किंवा जांघेच्या शिरेतून बारीक नळी घालून बिघडलेली शीर आतून बंद करतात. पोट फाडावे लागत नाही.

गर्भाशय काढूनही हे दुखणे जाईलच असे नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न राज्यभर गाजला, तो आम्ही विसरलेलो नाही. एकदा काढलेली पिशवी परत बसत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला एक खाडा पडतो, इतकेच.

त्या भगिनीला सरकारी रुग्णालयात डॉपलरसाठी पुढल्या मंगळवारची तारीख मिळाली आहे. नवरा सोबत येतो म्हणाला आहे.