जेट स्कीला कायदा आहे, पण गंगापूरच्या काठावर तपासतो कोण?

21 मे 2024 हा दिवस नाशिकरोडच्या मोहल्ल्यातले लोक विसरलेले नाहीत. इगतपुरीजवळच्या भावली धरणात आपली पाच मुलं-मुली बुडाली. अल्लाह त्यांची मगफिरत करो. त्याच दिवशी उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले.

अशा घटनांनंतर पाण्यात उतरायला बंदीचे फलक लागतात. पण ईदच्या सुट्टीत आपली पोरं गंगापूर धरणावर बोट क्लबला जातात तेव्हा गोष्ट वेगळी असते. तिथे तिकीट काढून, परवानगीनेच जेट स्कीवर बसायचं असतं. म्हणजे 'पोरं ऐकत नाहीत' एवढं बोलून कुणाला हात झटकता येणार नाहीत.

कायदा नाही असंही नाही. 1917 चा इंग्रजांच्या काळातला कायदा जाऊन अंतर्देशीय जहाज कायदा 2021 आला. नदी, कालवा, तलाव असं आतलं पाणी त्यात येतं. इंजिनवर चालणाऱ्या जहाजाची नोंदणी, तपासणीचा दाखला, चालवणाऱ्याचं पात्रता प्रमाणपत्र, जीवरक्षक साधनं, विमा, सगळं त्यात आहे. अंमलबजावणी राज्याकडे. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचं, आणि गोची इथेच आहे. बोर्डाची प्रादेशिक बंदर कार्यालयं वांद्रे, मोरा, राजपुरी, रत्नागिरी, वेंगुर्ला अशी सगळी किनाऱ्यावर. गंगापूर धरण जलसंपदा खात्याचं, बोट क्लब पर्यटन महामंडळाचा, अपघात झाला की पंचनामा पोलिसांचा. रोज सकाळी जेट स्की पाण्यात सोडण्याआधी ती बघायची कुणी? चार खाती असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघत असेल.

वडोदऱ्याच्या हरणी तलावात 18 जानेवारी 2024 ला हेच दिसलं. तलाव महापालिकेचा, चालवायला खासगी कंपनी. सहलीच्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवली, कित्येकांना लाइफ जॅकेटही नव्हतं. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, पण नंतर.

जेट स्कीचा धोका बोटीपेक्षा निराळा आहे, तोही समजून घ्यायला हवा. तिला पंखा बाहेर नसतो. पोटाखालून पाणी ओढून ती मागे जोरात फेकते आणि त्या धारेवरच वळते. बहुतेक मशिनना ब्रेक नाही. नवखा माणूस समोर बोट बघून घाबरतो, थ्रॉटल सोडतो आणि हँडल फिरवतो. धार बंद झालेली असते, त्यामुळे मशीन वळतच नाही, सरळ जाऊन धडकते. मोटारसायकल चालवणाऱ्या पोरांना 'मला येतं' वाटतं ना, ते इथे कामाला येत नाही. दुसरी गोष्ट, इंजिन बंद करणारी दोरी. ती मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली असली तर माणूस पडताच इंजिन थांबतं. पुष्कळदा ती हँडललाच गुंडाळून ठेवलेली असते.

आपल्या भगिनींसाठी एक बाब खास सांगायला हवी, कारण तिकीट खिडकीवर ती कुणी सांगत नाही. पाणी ओढणाऱ्या त्या तोंडात दुपट्टा, बुरख्याचा घेर, मोकळे केस खेचले जाऊ शकतात. कपडे घट्ट आवरून, वरून जॅकेटचे सगळे पट्टे लावूनच बसावं, आणि पडल्यावर इंजिन बंद झाल्याशिवाय मागच्या बाजूने चढू नये. पर्दा सोडा असं आमचं म्हणणं नाही. अंगावर नीट बसणारी जॅकेटं सगळ्या मापांत ठेवणं हे चालवणाऱ्याचं काम आहे.

जिल्हा प्रशासनाकडे आमची मागणी साधी आहे. तिकीट खिडकीवर प्रत्येक मशीनचा नोंदणी क्रमांक, तपासणीच्या दाखल्याची मुदत आणि विम्याची तारीख मराठीत आणि उर्दूत लावा. 2027 च्या कुंभमेळ्यासाठी गोदाकाठची सुरक्षा आखली जातेच आहे. त्याच बैठकीत धरणाचं पाणीही घ्या, आणि रोजच्या तपासणीसाठी एका अधिकाऱ्याचं नाव ठरवा.