कर्कश हॉर्न : कायदा जुनाच आहे, पाळायचा कोणी?



‘ध्वनिप्रदूषण’ हा निबंध आपण मुलांकडून दरवर्षी लिहून घेतो. कारणे, परिणाम, उपाय असा साचा ठरलेला असतो. उपायांत एक वाक्य हमखास येतं, ‘सरकारने कडक कायदा करावा.’ वाक्य चांगलं आहे, पण गाड्यांच्या हॉर्नपुरतं बोलायचं तर हा कायदा कधीच झालेला आहे. आपल्याला तो माहीत नाही, ही खरी अडचण आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यातला नियम ११९ हॉर्नबद्दल आहे. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न, किंवा अति कर्कश, कानठळ्या बसवणारा, दचकवणारा आवाज करणारं कोणतंही साधन गाडीला बसवता येत नाही, असं तो सांगतो. सूट मिळते ती रुग्णवाहिका, अग्निशमन व बचावकार्याची वाहने, पोलीस अशा मोजक्यांना. आता एक बारकावा बघा. नियम फक्त ‘वाजवू नका’ म्हणत नाही, ‘बसवू नका’ म्हणतो. म्हणजे दुकानातून आणलेला प्रेशर हॉर्न मोटारसायकलला लावला, त्याच दिवशी नियम मोडला. मग तो शाळेसमोर वाजवा नाहीतर शेतात. ट्रॅक्टर हेही मोटार वाहनच आहे, त्यामुळे उसाच्या ट्रॅक्टरलाही हाच नियम लागू होतो.

दंडाचं काय? मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि कलम १९४ एफ आलं. विनाकारण, सतत किंवा गरजेपेक्षा जास्त हॉर्न वाजवला तर पहिल्या वेळी १००० रुपये आणि पुन्हा सापडल्यास २००० रुपये दंड. सायलेन्सरला बगल देऊन धूर बाहेर सोडणारी गाडी चालवली तरी हेच कलम. गाडी आवाजाच्या ठरलेल्या मानकात बसत नसेल तर कलम १९० आणखी कडक आहे. त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्सवर गदा, एवढं सगळं आहे. कायदा केंद्राचा, पण तो राबवायचं काम राज्याच्या परिवहन खात्याचं आणि पोलिसांचं. दंडाचे नवे दर आपल्या महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले.

राज्याने काहीच केलं नाही असंही नाही. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यावर राज्याने २०१५ मध्ये बंदी घातली, कारण ते वाचून विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं. मुंबई पोलिसांनीही काही सिग्नलवर आवाज मोजणारी यंत्रं जोडून पाहिली. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नल पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. कल्पना भन्नाट होती. पण आमच्या पालीसारख्या गावात ना सिग्नल, ना ते यंत्र. इथे काय करायचं?

पाली बीडजवळ, धुळे-सोलापूर महामार्गावरचं गाव. पुढे मांजरसुंब्याचा घाट. रस्ता वाहता आहे आणि वाहताच राहणार, त्याबद्दल तक्रार नाही. लांबच्या ट्रकचा हॉर्न आपल्या हातात नाही, हेही मान्य. पण गावातल्या गल्लीत सायरनसारखा हॉर्न वाजवत जाणारी मोटारसायकल बाहेरच्या राज्यातून आलेली नसते. ती आपल्याच घरची असते. पैसे घरचे, हौस घरच्या पोराची, आणि बसवून देणारा मेकॅनिकही ओळखीचाच.

काही पालक म्हणतात, “सर, हायवेवर मोठ्या गाड्यांना साधा हॉर्न ऐकूच जात नाही. पोराच्या सुरक्षेसाठीच बसवलाय.” काळजी खोटी नाही. ट्रकच्या केबिनमध्ये आवाज कमीच पोहोचतो. पण ज्या वेगात साधा हॉर्न पुरत नाही, त्या वेगात आधी ब्रेक लागायला हवा. आणि ट्रकसाठी बसवलेला हॉर्न ट्रकपुरता राहत नाही. तोच शाळेच्या फाटकाशी वाजतो. डेसिबल दहाने वाढला की ध्वनीची ऊर्जा दहा पट होते, हे आपण वर्गात शिकवतो. रस्ता ओलांडणारं दुसरीचं लेकरू असा आवाज ऐकून बाजूला होत नाही, जागच्या जागी थिजतं. म्हणजे सुरक्षेसाठी बसवलेल्या वस्तूनेच धोका वाढतो.

याहून मोठी गोष्ट रुग्णवाहिकेची आहे. नियमाने वेगळा आवाज तिच्यासाठी राखून ठेवला, तो काही मानपान म्हणून नाही. १०८ ची गाडी बीडच्या जिल्हा रुग्णालयाकडे निघाली की तिचा आवाज हीच तिची वाट असते. रोज दहा मोटारसायकली तसाच आवाज काढत गेल्या तर माणसं मागे वळून बघणं सोडून देतात. मग खरी गाडी आली तरी कोणी हटत नाही. आत कोण असेल, सांगता येतं का? कदाचित त्याच हौशी पोराची आजी.

शाळेसाठीही तरतूद आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र ठरवता येतं. तिथे हॉर्न वाजवायला मनाई असते, आणि रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागातही. मात्र २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाने अधिसूचित केल्याशिवाय ते क्षेत्र आपोआप लागू होत नाही. म्हणून मागणी करावी लागते. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या, तो ग्रामसभेपुढे ठेवा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे लेखी पाठवा. पोच घ्यायला विसरू नका.

पण खरं सांगू? ठरावाच्या आधी करण्यासारखं काम अंगणात उभं आहे. पालकहो, आज संध्याकाळी घरच्या गाडीचा हॉर्न एकदा वाजवून बघा. कंपनीचा नसेल तर काढून टाका. ना अर्ज लागतो, ना अधिसूचना. मेकॅनिककडची थोड्या वेळाची गोष्ट आहे. आणि तो काढताना मुलाला शेजारी उभं करा. का काढतोय, ते त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या. ते आमच्या शिकवण्यापेक्षा जास्त लक्षात राहील.