जुना कॉम्प्युटर, नवे गेम आणि घरचे अंदाजपत्रक



गेल्या काही दिवसांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या हस्ताक्षरांत आला आहे. नालासोपारा पूर्वेच्या एक ताई लिहितात, "मिस्टरांनी त्यांच्या ऑफिसात मोडीत निघालेला कॉम्प्युटर मुलाच्या अभ्यासासाठी आणला. आता मुलगा म्हणतो, यावर गेम चालत नाहीत, नवा घ्या. नव्याचा भाव ऐकून तोंडचे पाणी पळाले. काय करावे?" वालीवच्या एका कारखान्यात काम करणारे बंधू विचारतात, जुन्या डब्यावर पैसे घालणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे तर नव्हे?

उत्तर आधी सांगतो. नवा घेऊ नका आणि हप्त्यावर तर मुळीच घेऊ नका. जुन्या यंत्रात तीन वस्तू क्रमाने घालता येतात. क्रम पाळला तर घागर फुटकी राहत नाही. पण त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांशी दोन शब्द बोलायचे आहेत.

गेम म्हटले की आपल्या घरांत कपाळाला आठ्या पडतात. ज्या पिढीने अर्धपोटी राहून, रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून परीक्षा दिल्या, तिला पोराने पडद्यावर मोटारी पळवाव्यात हे कसे रुचेल? परंतु बाबासाहेबांनी 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या १९४५ च्या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना यंत्राची बाजू ठामपणे मांडली आहे, हे विसरू नये. यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीखेरीज सुसंस्कृत जीवन शक्य नाही, असा त्यांचा मुद्दा होता. फुरसत ही काही बंगलेवाल्यांची मिरास नाही. विरार लोकलला रोज लोंबकळत जाणाऱ्या माणसाच्या मुलालाही संध्याकाळचा एक तास हक्काचा आहे. तो एकच तास राहील की त्याचे चार होतील, हे मात्र घराने ठरवायचे.

पैसे लावून जे खेळतात तो खेळ नव्हे, जुगार आहे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी धन नासण्याच्या सहा वाटा सांगितल्या, त्यांत जुगार आहेच. केंद्र सरकारनेही ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. म्हणून मुलाला आधी विचारा, गेम कोणता? 'व्हॅलोरंट' म्हणाला तर तो फुकट मिळतो आणि जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी चालतो. 'जीटीए' म्हणाला तर तो प्रौढांसाठी आहे हे आईवडिलांना ठाऊक असावे. दहावीतला मुलगा ते आपणहून सांगणार नाही.

आता यंत्राकडे वळू. पडद्यावरच्या 'धिस पीसी' या चित्रावर माऊसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे प्रोसेसरचे नाव आणि रॅम किती ते दिसते. समजा 'आय-फाइव्ह ४५७०' असे लिहिले आहे. त्यातला पहिला अंक ४, म्हणजे ही चौथी पिढी, २०१३ साली बाजारात आलेली. आकडा पाच अंकी असेल तर पहिले दोन अंक पिढीचे. ऑफिसांतून निघणाऱ्या यंत्रांत चौथ्या ते सातव्या पिढीचा माल खूप असतो आणि तो दणकट असतो. चौथ्या पिढीचे किंवा पुढचे आय-फाइव्ह असेल तर खर्चाला अर्थ आहे. 'कोअर टू ड्युओ' असेल तर गेमसाठी त्यात दमडी घालू नका.

पहिली वस्तू एसएसडी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई तिच्यावर मजकूर शोधत हिंडते. तिचा वेग सेकंदाला साधारण १०० एमबी. एसएसडीत फिरणारे काहीच नाही, आणि जुन्या मदरबोर्डावरही ती ५०० एमबीच्या आसपास वेग देते. शिवाय शोधण्यात वेळ जात नाही, खरा फरक तिथे पडतो. चहा उकळेपर्यंत सुरू न होणारा कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात तयार होतो. दुकानात 'साटा एसएसडी, अडीच इंची' असे स्पष्ट सांगा. काडीसारखी दिसणारी एनव्हीएमई बसवायला चौथ्या पिढीच्या बहुतेक बोर्डांवर जागाच नसते. २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या जीटीए-५ च्या नव्या आवृत्तीला तर एसएसडी असल्याशिवाय चालत नाही. २०१५ ची जुनी आवृत्ती तेवढी हट्टी नाही.

दुसरी वस्तू रॅम. ४ जीबी आता ब्राउझर उघडण्यालाही पुरत नाही. ८ जीबी हवी, १६ असेल तर उत्तम. दोन सारख्या पट्ट्या बसवल्या तर दोन्ही मार्गांनी माहिती जाते आणि गेममध्ये त्याचा फायदा दिसतो, म्हणून ८ ची एक घेण्यापेक्षा ४ च्या दोन बऱ्या. चौथ्या पिढीला डीडीआर-३ लागते, सहाव्या-सातव्या पिढीच्या बहुतेक यंत्रांना डीडीआर-४. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जुनी पट्टी काढून रुमालात गुंडाळून दुकानात न्या, भाषेचा घोळच राहणार नाही. २०२५ च्या अखेरीस जगभर नव्या रॅमचे भाव भडकले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठमोठी केंद्रे चिपांचा फडशा पाडू लागली. अमेरिकेतल्या कंपन्यांची हौस आणि भुर्दंड नालासोपाऱ्याच्या चाळीला! म्हणून डीडीआर-३ ची वापरलेली, पण तपासलेली पट्टी घेण्यात कमीपणा मानू नका.

या दोन वस्तूंनी मुलाचा अभ्यासही सुधारतो. तिसरी वस्तू, ग्राफिक्स कार्ड, ही निव्वळ खेळाची म्हणावी लागेल. त्याच सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे: एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, एक अडीअडचणीसाठी राखून. एसएसडी आणि रॅम कामधंद्याच्या भागातून घ्या. कार्ड उपभोगाच्या भागातून घ्यायचे, आणि त्या भागात या महिन्यात काही उरले नसेल तर पोराला तसे सरळ सांगा. पोरांना हिशेब कळतो, टोलवाटोलवी कळत नाही.

कार्ड घेताना सर्वांत जास्त लोक फसतात, म्हणून इथे जरा थांबू. ऑफिसच्या यंत्रातला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बेताच्या ताकदीचा असतो आणि त्यात कार्डासाठी वेगळी वायर बहुधा नसते. मदरबोर्डाची खाच स्वतः फार तर ७५ वॅट देते. तेव्हा तेवढ्यावर चालणारे कार्डच घ्यायचे. २०१९ चे 'जीटीएक्स १६५०' हे त्यातले चांगले नाव; मात्र त्याच नावाची काही मॉडेल्स जादा वायर मागतात, म्हणून 'बिना पॉवर कनेक्टरवाले' असे बजावून सांगा. कॅबिनेट चपटे असेल तर कार्ड 'लो प्रोफाइल' लागेल, नाहीतर झाकण लागणार नाही. दुकानदार २०१६ चे '१०५० टीआय' स्वस्तात पुढे करील. ते वाईट नाही, पण त्या पिढीच्या कार्डांना गेमसाठीची नवी सुधारणा देणे कंपनीने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. पुढे काही काळ फक्त सुरक्षेपुरते लक्ष. '१६५०' त्यात सापडलेले नाही. 'आरएक्स ६४००' हे २०२२ चे असून नवे वाटते, पण ते मदरबोर्डाशी चारच मार्गांनी बोलते आणि जुन्या बोर्डावर त्याचा जीव गुदमरतो. नवे ते सगळे चांगले, असे नसते.

वापरलेले कार्ड घ्यायचे झाल्यास दोन धोके. एक, खोटी कार्डे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची चिप, वर नव्या नावाचे लेबल, आणि आतल्या प्रोग्रॅममध्येही नाव बदललेले. 'जीपीयू-झेड' नावाचा फुकट प्रोग्रॅम ही लबाडी बऱ्याचदा पकडतो. दुकानातच चालवून पाहा, नाही म्हणाला तर पायऱ्या उतरा. दुसरा, आभासी चलनाच्या खाणीत रात्रंदिवस राबवलेली कार्डे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने कार्डांवरची खाण बंद केली आणि तो माल जुन्या बाजारात लोटला. तो सगळाच टाकाऊ नव्हे, पण पंखा खडखडतो का ते कान देऊन ऐका.

घरी आणल्यावर मॉनिटरची वायर कार्डाला लावायची, मदरबोर्डाच्या जुन्या तोंडाला नव्हे. ही साधी गोष्ट सांगायला कुणी नसते आणि मग कार्ड खराब निघाले म्हणून घरात भांडण जुंपते. जुन्या मॉनिटरला निळे व्हीजीएचे तोंड असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए असा अ‍ॅडॅप्टर लागेल, तो त्याच फेरीत घ्या.

एवढे करून काय चालेल? व्हॅलोरंट उत्तम, जुनी जीटीए-५ छान, माइनक्राफ्ट आरामात. काय चालणार नाही, तेही मुलाला आधीच सांगा. डिसेंबर २०२४ चा 'इंडियाना जोन्स' आणि मे २०२५ चा 'डूम: द डार्क एजेस' यांना प्रकाशकिरणांचा हिशेब करणारी खास चिप कार्डात लागते. '१६५०' मध्ये ती नाही. हे गेम रडतखडतही चालणार नाहीत. त्यांच्यामागे धावायचे तर कार्ड, मग एसएमपीएस, मग बोर्ड, मग प्रोसेसर असे सगळेच बदलावे लागते, आणि मग जुन्यातले फक्त कॅबिनेट उरते. रेघ इथे ओढायची.

आता विंडोजविषयी. १४ ऑक्टोबर ही तारीख आपल्याला सांगायला नको. पण २०२५ साली नेमक्या त्याच तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची देखभाल थांबवली. घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची वाढीव मुदत देऊ केली. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. गल्लीतला कारागीर जुगाड करून ११ टाकून देतो, पण विंडोज ११ वर व्हॅलोरंट ती चिप मागतो आणि ती नसेल तर उघडतच नाही. म्हणजे ज्या गेमसाठी खटाटोप केला तोच जायचा. अभ्यासाला लिनक्स मिंट फुकट आणि चांगले आहे. स्टीमवरचे पुष्कळ गेमही २०१८ पासून लिनक्सवर चालवता येतात, व्हॅलोरंट मात्र तिथे नाही. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार किंवा परीक्षेचे अर्ज भरता, तिथे देखभाल संपलेली विंडोज ठेवू नका. आणि पेनड्राइव्हवरून कुणी 'फुकट' दिलेला चोरीचा गेम घरात घेऊ नका; त्याच्या पोटात काय असते ते तो देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आपल्या वसई-विरारची हवा खारी आणि दमट. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो आणि एके दिवशी यंत्र नुसते 'बीप बीप' करते, पडदा काळा. घाबरून दुकान गाठू नका. प्लग काढा, पट्टी काढून सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, कोरड्या कापडाने पुसा आणि परत बसवा. धूळ वर्षातून दोनदा काढा, पंख्याचे पाते बोटाने धरून ब्रशने. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते, तीही एकदा बदला. वीज येत-जात असेल तर लहानसा यूपीएस हा कार्डापेक्षा आधीचा खर्च समजा. आणि कॅबिनेट जमिनीवर कधीच ठेवू नका. जुलै २०१८ च्या पावसात रुळांवर आणि तळमजल्याच्या खोल्यांत पाणी किती चढले होते, ते ज्यांनी उपसले त्यांना वेगळे सांगायला नको.

विजेचा धसका नको. असे यंत्र खेळताना समजा १५० वॅट खाते. रोज दोन तास म्हणजे महिन्याला ९ युनिट.

हे सारे काम मुलाकडून किंवा मुलीकडून करवून घ्या. कारागिराच्या हातात डबा देऊन बाहेर बाकावर बसू नका. चार स्क्रू, दोन वायरी, एक दुपार. मुलींना मुद्दाम बसवा. आपल्या घरांत अजूनही स्क्रूड्रायव्हर भावाच्या हातात आणि झाडू बहिणीच्या हातात दिला जातो, तो अन्याय निदान डबा उघडताना तरी नको. विहाराच्या अभ्यासिकेत दान आलेले आणि धूळ खात पडलेले यंत्र असेल, तर त्यावर आधी हात बसवता येईल.

सुट्या भागांसाठी ग्रँट रोडला उतरून पूर्वेला लॅमिंग्टन रोड गाठा. तीन दुकानांत भाव विचारल्याशिवाय पाकीट काढू नका, पक्के बिल घ्या आणि वॉरंटीची मुदत बिलावर लिहून घ्या. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारची दुपार ठरवा.

पुढील अंकी: घरचा प्रिंटर आणि शाईचा खर्च. जयभीम.