नाताळाच्या आठवड्यातला पहिला वाढदिवस



माझा जन्म दिवाळीच्या अमावास्येचा. शाळेच्या दाखल्यावर १ जून लागली ती मास्तरांच्या सोयीने, पण घरात वाढदिवस तिथीनेच व्हायचा. पहाटे मंदिरात महावीर निर्वाणाचा लाडू, संध्याकाळी अण्णांच्या दुकानात वहीपूजन, दिवसभर घरात पाहुणे. या गडबडीत केव्हातरी आईला आठवायचं आणि ती म्हणायची, "अगं बाई, आज हिचा वाढदिवस पण आहे की!" हा 'पण' मी लहानपणभर ऐकला. दिवाळीला शिवलेलं परकर-पोलकं हेच वाढदिवसाचं. धाकटी बहीण श्रावणातली, तिला वर्षात दोन. सातवीत असताना मी वहीच्या मागच्या पानावर हा हिशोब मांडून आईला दाखवला होता. आई हसून म्हणाली, "तुझ्या वाढदिवसाला सगळं गाव दिवे लावतं, आणखी काय पाहिजे?" उत्तर छान होतं. परकर मात्र एकच राहिला.

हे सगळं वर आलं ते नातीमुळे. लेक आणि जावई अमेरिकेत न्यू जर्सीला असतात. नात तिथेच झाली, २२ डिसेंबरला, नाताळाच्या तीन दिवस आधी. गेल्या डिसेंबरात तिचा पहिला वाढदिवस झाला, त्यासाठी मी आणि हे गेलो होतो. आता पुन्हा डिसेंबर जवळ आला आहे. ओळखीतल्या दोघीतिघींच्या घरीही अशी डिसेंबरची बाळं आहेत, परदेशात आणि इथे पुण्या-मुंबईतही. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. वाढदिवस आणि नाताळ इतके जवळ, तर दोन्हींचं मिळून एकच मोठं काहीतरी द्यावं का?

माझं मत स्पष्ट सांगते. एकत्र करू नका. दोन दिवस, दोन भेटी. पण दोन्ही लहान, आणि दोन्ही वेगळ्या जातीच्या.

असं का म्हणते, ते सांगण्यासाठी गेल्या वर्षीचा हिशोब मांडते. सवय जात नाही. २६ डिसेंबरला सकाळी नात झोपलेली असताना मी कागद घेऊन बसले आणि आलेल्या वस्तूंची यादी केली. वाढदिवसाच्या १९, नाताळाच्या १२. एकूण ३१ नग. त्यांतल्या ११ बॅटरीवर चालणाऱ्या. एकावर एक रंगीत कड्या रचायचं खेळणं चार जणांनी दिलेलं. कुणाची भेट कुठली ते लेकीलाही सांगता येईना, कारण सगळे खोके तीन दिवसांत एकाच कोपऱ्यात जमलेले. कॉलेजात आम्ही घसारा शिकलो होतो, यंत्रावर वर्षाला दहा-पंधरा टक्के. इथे काही खेळण्यांवर चार दिवसांत शंभर टक्के घसारा झालेला होता.

आणि बाळ? पहिल्या दिवशी खोके उघडताना टाळ्या वाजवत होती. पाचव्या-सहाव्या खोक्याला डोळे चोळायला लागली आणि मग भोकाड पसरलं. एक वर्षाच्या मुलाला एका वेळी एकच नवी वस्तू पुरते. ती चाखायची, आपटायची, टाकायची, पुन्हा मागायची. त्यातच दुपार जाते.

म्हणून मी एक साधी विभागणी केली आहे, तीही कॉलेजातलीच. भांडवली खर्च आणि महसुली खर्च. वाढदिवसाची भेट भांडवली असावी. म्हणजे ती टिकणारी, त्या मुलाची स्वतःची, पाच-दहा वर्षांनी "ही तुला पहिल्या वाढदिवसाला आली" असं सांगता येईल अशी. नाताळाची भेट महसुली असावी. ती वापरून संपणारी, सगळ्यांनी मिळून उपभोगायची. म्हणजे खाऊ, जाड पानांचं पुस्तक, साबणाचे फुगे, हिवाळ्याचे मोजे. सण सगळ्यांचा असतो, वाढदिवस एकाचाच. हा फरक भेटीतूनही कळला पाहिजे.

माझी भांडवली भेट होती वाकळ. हिची गोष्ट जरा मनाला लागलेली आहे, पण सांगते.

माझी आई गेल्यावर तिच्या सुती इरकल साड्या माझ्याकडे आल्या. लेकीला दिवस गेले तेव्हा त्यांतल्या तीन साड्या कापून मी बाळासाठी लहानशी वाकळ शिवली. हाताने, दोन महिने. बाळंतपणाला गेले तेव्हा ती बॅगेत सगळ्यांत वर ठेवली होती. लेकीने हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "आई, सुंदर आहे गं. पण पाळण्यात नाही ठेवता येणार." तिथले बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर बाळाच्या झोपायच्या जागी सुटं पांघरूण, उशी, मऊ खेळणं काहीही ठेवू देत नाहीत. तोंडावर आलं तर बाळाला श्वास घेता येत नाही. सपाट गादी, ताणून बसवलेली चादर आणि पाठीवर झोपवलेलं बाळ, एवढंच.

मी तेव्हा काही बोलले नाही. रात्री मात्र यांना म्हणाले, "आपण काय लेकरं मारली का वाकळीत गुंडाळून?" हे म्हणाले, "तिची लेक आहे, तिला ठरवू दे." वाकळ कपाटात गेली. मी परत आले तरी मनात तो सल होताच.

पहिला वाढदिवस जवळ आला तसा लेकीचाच फोन आला. "आई, तू नवीन काही आणू नकोस. वर्ष होतंय, आता वाकळ काढू या." म्हणजे माझी भेट नाकारलेली नव्हती, तिची वेळ यायची होती. हे मला वर्षभर उमगलं नव्हतं. देणारीला घाई असते, घेणाऱ्याला सवड लागते. तेव्हापासून एक नियम केला. बाळाला काहीही देण्याआधी त्याच्या आईला विचारायचं. विचारल्याने कमीपणा येत नाही आणि चार-चार कड्यांची खेळणीही जमत नाहीत.

विचारायचं आणखी एक कारण म्हणजे सुरक्षितता. आपल्याकडे पहिल्या वाढदिवसाला चांदीचे घुंगरांचे वाळे किंवा काळ्या मण्यांच्या मनगट्या द्यायची पद्धत आहे. वर्षाचं मूल जे हाताला लागेल ते तोंडात घालतं. दोरा तुटला की मणी पोटात, नाहीतर श्वासनलिकेत. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांत सुटे बारीक भाग असायला बंदी आहे. तो भाग तपासायला सव्वा इंच रुंदीची एक नळी वापरतात. त्यात जे पूर्ण मावतं ते धोक्याचं. घरी टॉयलेट पेपरची रिकामी पुठ्ठ्याची नळी घेतली तरी अंदाज येतो. आपल्याकडेही १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते पाहूनच घ्यावं. आणि गाणारी, दिवे लागणारी खेळणी घेताना बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते बघा. बटणासारखी चपटी बॅटरी गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. चांदी द्यायचीच असेल तर वाटी-चमचा द्या. गोल काठाची, जड बुडाची वाटी बाळ वापरतंही.

टॅबलेट किंवा मोबाइलवरचे खेळ हे तर भेट म्हणून मला मुळीच मान्य नाहीत. एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये सांगितलं आहे.

आता नाताळाबद्दल. एका नातेवाइकांनी मला फोनवर विचारलं, "आपण कशाला नाताळ करायचा?" करायचा म्हणजे काय? आम्ही झाड सजवलं नाही, पण शेजार तर तोडायचा नसतो. खालच्या मजल्यावर एक अमेरिकन आजीबाई एकट्या राहतात. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या असतील. २२ तारखेला त्या वर आल्या, पिवळ्या फुलाफुलांच्या कागदात बांधलेली भेट घेऊन. लेकीने नंतर समजावलं की त्या आठवड्यात तिथल्या दुकानांत लाल-हिरव्या नाताळी कागदाचे ढीग असतात, तरी त्यांनी मुद्दाम साधा कागद शोधून आणला. त्यांचा स्वतःचा वाढदिवस २६ डिसेंबरचा. लहानपणी त्यांनाही दोन्हींची मिळून एकच भेट मिळायची, आणि तीही नाताळाच्या कागदात. "हा कागद तिच्या एकटीचा," असं त्या म्हणाल्या. माझं इंग्रजी बोलण्यात अडखळतं, पण माझ्या परकर-पोलक्याची गोष्ट मी त्यांना सांगितली. लेकीला फारशी मदत करावी लागली नाही.

२५ तारखेला आम्ही त्यांच्याकडे बेसनाचे लाडू घेऊन गेलो. आम्ही अंडं खात नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी आमच्यासाठी बिस्किटांचा वेगळा घाणा केला होता. नातीला त्यांच्याकडून एक पुस्तक मिळालं, तेही तिथल्या सार्वजनिक वाचनालयातून आणलेलं, तीन आठवड्यांनी परत करायचं. मला ही भेट फार आवडली. महसुली भेट याहून चांगली कुठली?

दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्र ऐकतो. सातव्या अध्यायात परिग्रहाची व्याख्या आहे, तिथे वस्तू किती हे मोजलेलंच नाही, वस्तूवरची आसक्ती म्हणजे परिग्रह असं म्हटलं आहे. ती ३१ नगांची यादी करताना हे आठवलं. वर्षाच्या बाळाला कसला परिग्रह? हातातून काढून घेतलं तर घटकाभर रडतं आणि विसरतं. आसक्ती आमची होती. आपली भेट मोठी दिसावी, फोटोत यावी, व्याह्यांच्या भेटीपेक्षा कमी पडू नये, ही आमची धडपड. त्याच अध्यायाच्या शेवटी दानाविषयी सांगताना रीत, वस्तू, देणारा आणि घेणारा या चारही गोष्टींमुळे दानात फरक पडतो असं म्हटलं आहे. भेट म्हणजे दान नव्हे, हे मला कळतं. पण माप तेच लावून बघा. आपण बहुतेक वेळा फक्त वस्तूच बघतो.

व्यवहाराचंही सांगून टाकते. ज्यांना रक्कम द्यायची आहे त्यांनी ती बाळाच्या नावाने गुंतवायला द्यावी. नात भारतात असेल तर सुकन्या समृद्धी खातं आहे. मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत ते उघडता येतं, वर्षाला किमान २५० रुपये आणि कमाल दीड लाख भरता येतात. खातं आई-वडिलांनी उघडायचं, आजी-आजोबांनी पैसे त्यांच्या हाती द्यायचे. अनिवासी भारतीयांच्या मुलींसाठी ही सोय नाही. अमेरिकेत शिक्षणासाठी '५२९' नावाची योजना असते, तिथे नातेवाइकांनाही भर घालता येते. जावयांनी नातीसाठी ते खातं उघडलं आहे आणि आता त्यांच्याकडचे काही जण खेळण्याऐवजी त्यातच पैसे घालणार आहेत. आणि ज्यांची खेळणी येणारच, त्यांची लेकीने कपाटात ठेवून दर महिन्याला एक काढायची. जुलैत मिळालेलं नवं खेळणं डिसेंबरातल्या विसाव्यापेक्षा जास्त आनंद देतं. चार कड्यांच्या खेळण्यांतली तीन आम्ही न उघडताच जवळच्या देणगी केंद्रात दिली.

वाढदिवसाच्या दिवशी वाकळ जमिनीवर पसरली आणि नातीला तिच्यावर बसवलं. तिने सगळे तुकडे बोटांनी चाचपले आणि हिरव्या काठाचा एक तुकडा धरून बसली. माझी आई ती साडी दुकानाच्या वहीपूजनाला नेसायची. हे फक्त मलाच माहीत होतं. मग लेकीला सांगितलं.

यंदाच्या दिवाळीत पहाटे मंदिरातून लाडू चढवून आले तोवर मोबाइलवर लेकीच्या दिवाळीच्या शुभेच्छा आलेल्या होत्या, सगळ्या घरासाठी मिळून. मी म्हटलं, झालं. संध्याकाळी पणत्या लावत होते तर पुन्हा फोन वाजला. तिच्याकडे सकाळ होती, नात कडेवर. "आई, हा फोन दिवाळीचा नाही," ती म्हणाली. "हा फक्त तुझ्या वाढदिवसाचा."