मजुरी वाढो, पण भावाचे काय?



किमान मजुरी वाढली की शहरातले विद्वान दोन बाजूंना उभे राहतात. एक म्हणतो, मजुराचे भले झाले. दुसरा म्हणतो, आता महागाई वाढणार. आपल्या कोरडवाहू शिवारात दोन्ही तितके सरळ घडत नाही.

कारखानदाराची मजुरी वाढली तर तो मालाची किंमत वाढवतो. आपण काय वाढवणार? बाजार समितीत भाव बोलतो तो व्यापारी. वेचणीचा दर किलोमागे वाढला म्हणून कापसाला क्विंटलमागे कोणी जादा देत नाही. मग वाढलेली मजुरी भावावर चढत नाही, पिकावर उतरते. एक निंदण टळते. शेवटची वेचणी झाडावरच राहते. ज्वारीची कापणी, कणसे खुडणे, सगळे हातकाम. विदर्भात खरिपाची ज्वारी हटून सोयाबीन आले, त्यामागे हेही एक कारण. ज्वारीबरोबर कडबा गेला, मजुराचे कामाचे दिवसही गेले.

सरकारची गोष्ट वेगळी नाही. १९८८ साली महाराष्ट्रात किमान मजुरी वाढली, रोजगार हमीची मजुरी दुप्पट झाली. कायदा मागेल त्याला काम म्हणत होता. पण पुरेशी कामे निघाली नाहीत आणि हजेरी घटली. दर वाढवून खर्चाची तरतूद केली नाही, तर सरकारही कामच कमी करते. मग शेतकऱ्यालाच दोष का?

म्हणून मजुरी दाबा, असे आम्ही म्हणत नाही. आपल्यातले दोन-चार एकरवाले स्वतःच रोजाने जातात. मजुराचे पोट मारून शेती तरत नाही. मजुरी द्यायला पैसा येतो तो मालाच्या भावातून, आणि तिथेच सरकारचा हात आडवा येतो. दीडपट हमीभाव २०१८ साली जाहीर झाला, पण त्या हिशेबात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि घरच्या भांडवलाचे व्याज धरले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. ते ३१ डिसेंबरपर्यंत माफ राहिले. वेचणीचा दर मात्र कोणी माफ केला नाही.

मजुरी ठरवणाऱ्या सरकारने भाव पाडू नये, एवढेच आमचे मागणे. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या एका एकराचा मजुरीखर्च लिहून आणावा. भाषणापेक्षा तो कागद जास्त बोलेल.