पोट उडतंय? अंगडं वर करा आणि श्वास मोजा

थंडी पडली की घरोघरी पोरं खोकू लागतात. बहुतेकांचा सर्दी-खोकला चार-आठ दिवसांत आपसूक जातो, त्यामुळे प्रत्येकाला उचलून दवाखान्यात धावा असं मी म्हणणार नाही. पण खोकणाऱ्या बाळाचं अंगडं वर करून पोटाकडे पूर्ण मिनिटभर बघा, एवढी विनंती आहे. आयांना, आज्यांना आणि पाळणाघरातल्या ताईंनाही.

श्वास घेण्याचं मुख्य काम करतं ते छाती आणि पोट यांच्या मधलं श्वासपटल. घुमटाच्या आकाराचा हा पातळ स्नायू खाली सरकला की हवा आत येते आणि पोट किंचित वर उचललं जातं. त्याला हुकूम मिळतो मेंदूच्या तळाकडून, मानेतून निघून छातीत उतरणाऱ्या दोन नसांवाटे. बाळ निवांत झोपलेलं असतं तेव्हा या स्नायूचा थोडाच भाग कामाला लागतो. न्यूमोनिया झाला की फुफ्फुसात पाणी-पू साचतो, फुफ्फुस ताठर होतं आणि तेवढ्याच हवेसाठी जास्त जोर लावावा लागतो. मग नसांमधून हुकूम भराभर सुटू लागतात आणि राखीव तंतूही जुंपले जातात. ताठर फुफ्फुस फुगवून खोल श्वास घेणं परवडत नाही, म्हणून बाळ उथळ आणि जलद श्वास घेतं. तरी भागेना, तर बरगड्यांमधले आणि मानेचे स्नायू मदतीला येतात. नाकपुड्या फुलतात, श्वासागणिक डोकं हलतं.

बाळाच्या बरगड्या मऊ असतात. आतून जोराची ओढ लागली की छातीचा खालचा भागच आत खेचला जातो आणि पोट बाहेर येतं. यालाच आपण पोट उडणं म्हणतो. श्वासपटलाची बरीच ताकद अशी बरगड्या ओढण्यात वाया जाते. त्यातून लहान बाळाच्या या स्नायूत दीर्घकाळ न थकणारे तंतू कमी असतात. मोठ्या माणसात ते निम्म्याच्या आसपास, पूर्ण दिवसांच्या बाळात जेमतेम पाव, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात त्याहूनही कमी.

म्हणूनच ‘रात्रभर धापा टाकत होतं, पहाटे शांत झालं’ हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. ताप उतरला, बाळ हसलं, दूध ओढू लागलं, तर शांत होणं चांगलंच. पण श्वास मंदावलाय, बाळ मलूल पडलंय, अंगावर घेतलं तरी ओढत नाही, तर स्नायू थकलेत असं समजा आणि उजाडायची वाट न बघता निघा. गाडी नसेल तर 108 ला फोन करा.

श्वास मोजताना बाळ रडत किंवा पीत नसावं. घड्याळ लावून पूर्ण 1 मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण तान्ह्यांचा श्वास एका लयीत चालत नाही. 2 महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास 60 किंवा जास्त, 2 महिने ते 1 वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, आणि 1 ते 5 वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तान्ह्याच्या बाबतीत आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करा. पोट उडत असेल तर आकडा कितीही असो, थांबू नका.

हे घरच्या माणसाला जमेल का, अशी शंका नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातले आरोग्यदूत आणि दाया यांना हेच शिकवलं. फार आकडे न येणाऱ्या दायांसाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं यंत्र केलं: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी आला की न्यूमोनिया. गावातच निदान आणि औषध मिळालं त्या गावांत न्यूमोनियाचे बालमृत्यू इतर गावांच्या सुमारे निम्म्यावर आले. हा अभ्यास 1990 मध्ये प्रसिद्ध झाला.

आता आज्यांची थोडी नाराजी पत्करतो. धुरी बंद करा. ओवा असो की वावडिंग, धूर तो धूरच. नाकात तेल सोडू नका, ते थेट फुफ्फुसात उतरू शकतं. दुपट्यात आवळून बांधू नका, श्वासपटलाला खाली सरकायला जागाच उरत नाही. आणि मेळघाटासारख्या भागात अजून पोटावर तापल्या विळ्याचे चटके देतात, ते तर कोणत्याही परिस्थितीत नको. दुखणं छातीत असतं आणि भाजतं पोट.

वाटेत बाळाला खांद्याशी उभं धरा, तोंडावर पदर घेऊ नका. ओढत असेल तर थोडं थोडं अंगावर पाजा, धाप लागलेल्या बाळाच्या तोंडात चमच्याने काही ओतू नका. किती वाजता किती श्वास मोजले ते कागदावर लिहून न्या आणि केसपेपर काढतानाच सांगा.